केशर अंड्यांवर आली असेल तर

कोल्हापूर,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

चि. सई,


तू पाठवलेल्या फोटोंपेक्षा तुझ्या वहीच्या पानाचा मला जास्त उपयोग झाला. वजन, जेवणाच्या तारखा, कात टाकल्याच्या तारखा, पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान. इतकं नेमाने लिहून ठेवणारे मालक मला पशुवैद्याच्या नोकरीच्या काळात फार थोडे भेटले. ते पान आणि फोटो शेजारी ठेवून पाहिले, आणि तुझा अंदाज मला पटला. तुझी कॉर्न स्नेक केशर बहुधा अंड्यांवर आली आहे. दोन जेवणं नाकारली तरी वजन उतरलेलं नाही. शेपूट सुरू होण्याआधीचा अंगाचा भाग भरलाय, तिथले खवले एकमेकांपासून सुटून मधली कातडी दिसतेय. रात्रभर काचेला नाक लावून फिरते, आणि परवापासून डोळे दुधी झालेत.

यातलं डोळ्यांचं लक्षण आपल्याला दिवसांचा अंदाज देतं. कॉर्न स्नेकची मादी अंडी घालण्याआधी एकदा कात टाकते आणि त्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत अंडी येतात. डोळे दुधी झाले की कात काही दिवसांवर आली. म्हणजे तुझ्या हाताशी दीड ते तीन आठवडे आहेत. तयारीला तेवढे पुरतात, पण आजपासून लागलीस तर.

फोटोवरून खात्री मात्र कुणालाच देता येणार नाही. बद्धकोष्ठ झालेला साप असाच फुगतो. अंगात गाठ असली तरी फुगतो, आणि गरजेपेक्षा जास्त उंदीर खाऊन चरबी चढलेला सापही असाच दिसतो. म्हणून या आठवड्यातच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांची वेळ घे. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक दवाखाना हे काम करत नाही, फोनवर आधी स्पष्ट विचार. सोनोग्राफीत अंडी दिसतात, एक्स-रेमध्ये त्यांचा अंदाज येतो. बाबाला बरोबर ने. तुम्ही राहता त्या इंग्लंडच्या 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार 16 वर्षांखालच्या मुलाने पाळलेल्या प्राण्याची जबाबदारी पालकांवरच येते. तेव्हा त्याने नुसतं गाडी चालवायला येऊ नये, डॉक्टर काय सांगतात ते शेजारी बसून ऐकावं. आणि तोपर्यंत बोटांनी दाबून अंडी मोजायची नाहीत. अंड्यांभोवतीची नळी नाजूक असते, दाबल्याने फाटू शकते.

तू विचारलंस, घरात नर नसताना अंडी कशी? कोंबडी कोंबड्यावाचून अंडी घालते, तसंच. ती अंडी फळलेली नसतात, इतकंच. कॉर्न स्नेकच्या माद्याही अशी अंडी घालतात. पण केशरच्या बाबतीत दुसरी शक्यता सोडून चालणार नाही. ती तुमच्याकडे मोठी होऊन आली, आधीच्या घरी नर होता की नव्हता हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि सापांच्या माद्या नराचं बीज अंगात बरेच महिने जपून ठेवू शकतात. तिसरीही एक शक्यता आहे, क्वचित घडणारी. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 2020 च्या जुलैमध्ये एका म्हाताऱ्या बॉल पायथनने 7 अंडी घातली. किमान 15 वर्षं तिचा नराशी संबंध आला नव्हता, वय पन्नाशीच्या पुढचं होतं, आणि त्यातली काही अंडी जिवंत होती. नरावाचून पिल्लं होण्याचा हा प्रकार सापांच्या अनेक जातींत आता नोंदला गेला आहे. तेव्हा 'नर नव्हता' एवढ्यावरून अंडी रिकामीच असतील असं धरू नकोस. ती आल्यावर पाहू.

आता मुख्य काम. केशर रात्रभर फिरते ती जागा शोधते आहे. तिचं कूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, पाइनची जंगलं आणि शेतांजवळची धान्याची कोठारं यांतलं. तिथे मादी उन्हाळ्याच्या तोंडाला कुजलेलं खोड, पाल्यापाचोळ्याचा ढीग असं काहीतरी गाठते. कुजणाऱ्या लाकडात ऊब असते, ओल असते, अंधार असतो आणि अंग चारी बाजूंनी टेकतं. तुमच्या इंग्लंडातल्या तीन देशी सापांपैकी एकटी ग्रास स्नेक अंडी घालते, तीसुद्धा बागेतल्या कंपोस्टच्या ढिगात शिरते ते याचसाठी. इथे आमच्याकडे दिवडाची, धामणीची अंडी शेणखताच्या खड्ड्यात आणि विटांच्या ढिगाखाली मिळतात. काचेच्या पेटीत, कागदाच्या चुऱ्यावर हे काहीच नाही. जागा मिळाली नाही तर मादी अंडी पाण्याच्या भांड्यात घालते आणि ती बुडून जातात. किंवा त्याहून वाईट, अंगातच धरून ठेवते.

म्हणून झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घे. केशर वेटोळं घालून बसली की थोडी जागा उरेल एवढा असावा. झाकणाला किंवा बाजूला तिचं भरलेलं अंग सहज आत जाईल एवढं भोक पाड आणि कडा घासून गुळगुळीत कर, कारण या दिवसांत तिची कातडी ताणलेली आहे. आत स्फॅग्नम शेवाळ भर, अर्ध्याच्या वर. शेवाळ भिजवून मुठीत घट्ट पिळायचं. नंतर पुन्हा दाबलं तर पाणी ठिबकू नये, पण हाताला ओल लागावी. डबा पारदर्शक असेल तर बाहेरून कागद लाव. पेटीत तो उबदार टोक आणि मध्य यांच्या दरम्यान ठेव, हीट मॅटच्या बरोबर वर नको, कारण तिथे शेवाळ एका दिवसात वाळेल. रोज संध्याकाळी बोट घालून ओल बघ, पण ती आत असेल तेव्हा झाकण उचलू नकोस. डबा आजच ठेव, कात पडायची वाट पाहू नकोस. तिला तो ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि त्या ओलीने कातही नीट उतरेल.

पाण्याचं मोठं भांडं काढून उथळ भांडं ठेव. पाणी मात्र रोज ताजं हवं. अंगात पाणी कमी पडलेली मादी अडते. तापमानाची तुझी नोंद ठीक आहे, उबदार टोकाला 29 आणि थंड टोकाला 23 हे मला चालतं. पण वहीत दोन रात्री उबदार टोकच 24 वर आलेलं दिसतं. ते का झालं हे बाबाला शोधायला सांग. थर्मोस्टॅटचा प्रोब सरकला असेल किंवा कुणी प्लग काढला असेल. थंडीत सापाचे स्नायू मंदावतात आणि अंडी ढकलण्याचं काम सगळं स्नायूंचं आहे.

हे एकदा जमवलंस की पुढचं काम हात मागे ठेवायचं. तुझ्यासारख्या मुलीला हेच सगळ्यात जड जाईल, मला ठाऊक आहे. तिला हातात घ्यायचं नाही, मैत्रिणींना दाखवायला बाहेर काढायचं नाही, दिवसातून दहा वेळा दिवा लावून डोकावायचं नाही. खाणं नाकारते आहे तर जबरदस्ती नको. आठवड्यातून एकदा लहानसा उंदीर ठेवून बघ, सकाळपर्यंत तसाच राहिला तर काढून टाक. वजनसुद्धा आता आठवड्याला एकदाच, आणि तेही ती आपणहून डब्यात असेल तेव्हा सगळा डबा उचलून. रिकाम्या डब्याचं वजन आधी लिहून ठेव म्हणजे वजाबाकी करता येईल. लपून वाट पाहणाऱ्या प्राण्याला सारखं छेडलं तर तो ती जागा सोडतो, आणि केशरला जायला दुसरी जागा नाही.

आजी विचारत होती, तिला दूध देता का म्हणून. आजीला प्रेमानेच सांग, साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला जे साप दूध पिताना दिसतात ते तहानेने व्याकूळ केलेले असतात. केशरला पाणीच हवं.

अंडी येतील ती एकामागून एक, मध्ये विश्रांती घेत. काही तास लागतात, कधी सगळा दिवस जातो. 10 पासून 30 पर्यंत कितीही असू शकतात, पहिल्या वेळेला बहुतेक कमी. त्या दिवशी तू शाळेत असलीस तर शाळेतच राहा. पेटीपाशी कुणी बसल्याने तिचं काम लवकर होत नाही.

आता जे सांगते ते नीट वाच आणि बाबालाही वाचून दाखव. थांबण्याला मर्यादा असते आणि ती आधीच ठरवून ठेवायची असते, कारण ऐन वेळी घरातलं प्रत्येक माणूस 'अजून थोडं बघू' म्हणतं. काही अंडी आली, मग एक दिवस उलटला, आणि अंगात फुगवटा अजून दिसतोय : डॉक्टरांना फोन. ती जोर लावते आहे, अंग आखडते आहे आणि काही येत नाही : फोन. मलमार्गातून लाल किंवा गुलाबी काही बाहेर आलं : त्याच क्षणी निघायचं, ओलं स्वच्छ फडकं लावून. कात पडून तीन आठवडे होत आले आणि एकही अंडं नाही, किंवा ती मलूल होऊन एका जागी सैल पडली आहे : फोन.

अंडी अडण्याची कारणं बरीच असतात. थंडी, पाण्याची कमतरता, जागा न मिळणं, बसून बसून सैल झालेले स्नायू, एखादं वेडंवाकडं अंडं, नळीला झालेली लागण. यातली पहिली तीन तू टाळू शकतेस. बाकीची तुझ्या हातात नाहीत आणि ती झाली तर तो तुझा दोष नव्हे. डॉक्टर आधी ऊब आणि पाणी देतील, चित्र काढून बघतील. कासवांना जे इंजेक्शन देऊन अंडी बाहेर काढता येतात ते सापांवर तितकं चालत नाही, म्हणून 'इंजेक्शन देऊन टाका' असा आग्रह धरू नका. कधी ते सुईने अंड्यातला द्रव ओढून घेऊन त्याचा आकार कमी करतात म्हणजे ते निसटतं, कधी शस्त्रक्रिया लागते. पण घरी तेल लावून, बोटांनी सरकवून अंडं बाहेर काढायचा सल्ला कुणीही दिला, कितीही अनुभवी माणसाने दिला, तरी ऐकायचा नाही. फाटलेल्या नळीचा साप मी टेबलावर पाहिलेला आहे. तो वाचला नाही.

समजा सगळं सुरळीत झालं. डब्यात अंड्यांचा एकमेकांना चिकटलेला गठ्ठा असेल. पांढरी, कोरडी, चामड्यासारखी लवचीक आणि टणटणीत भरलेली अंडी चांगली. पिवळट, लहान, मेणचट दिसणारी फळलेली नाहीत. अंधारात छोटा टॉर्च लावलास तर फळलेल्या अंड्यात काही दिवसांनी लाल शिरांचं जाळं दिसतं. हे पाहण्याआधीच तुम्हाला घरी एक निर्णय घ्यावा लागेल आणि तो मला या पत्रातला सगळ्यात मोठा वाटतो.

अंडी उबवायचीच असं नाही. आज तुला पिल्लांचं चित्र दिसतंय, ते मी समजते. पण पंधरा पिल्लं म्हणजे पंधरा वेगवेगळे डबे, कारण ती एकत्र ठेवत नाहीत, एखादं दुसऱ्याला गिळू पाहतं. पंधरा ठिकाणची ऊब, पंधरा ठिकाणचं पाणी. बोटाच्या पेराएवढे उंदीर फ्रीजरमध्ये. एखादं पिल्लू आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही, त्याच्यामागे रोज लागावं लागतं. आणि त्यातलं प्रत्येक 15 ते 20 वर्षं जगू शकतं, म्हणजे तू शिकून नोकरीला लागलीस तरी. घ्यायला माणसं मिळतील असं तू लिहिलंस, पण ज्या संस्थेतून केशर आली तिथे किती मोठे कॉर्न स्नेक घराची वाट पाहत होते हे तूच मला सांगितलं होतंस. जितकी नावं आज तुझ्याकडे नक्की आहेत तितकीच अंडी ठेव. एकही नाव नसेल तर एकही नको. उरलेली आली त्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवायची, गर्भ वाढायच्या आधी. हे लिहिताना मला सोपं जात नाही, पण मी तुला तेच सांगणार. बागेत सोडून देणं हा मार्ग नाही. तो इंग्लंडात गुन्हा आहे आणि योग्यही नाही. वेल्समधल्या कॉल्विन बे इथे प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या युरोपी सापांची वस्ती कित्येक दशकं टिकून आहे. एकदा सुटलेलं परत गोळा करता येत नाही.

ठेवायची ठरली तर त्यांना हलवण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण कर. पक्ष्यांची अंडी उबवताना फिरवावी लागतात, सापाची फिरवायची नसतात. पहिल्या दिवसानंतर गर्भ वरच्या बाजूला टेकतो, आणि अंडं उलटं झालं तर तो दबून मरतो. इथे पायाखोदाईत नागाची किंवा धामणीची अंडी निघाली की आमचे सर्पमित्र वनखात्याला कळवतात आणि उचलण्याआधी हीच खूण करतात. चिकटलेला गठ्ठा सोडवायचा प्रयत्न करू नकोस, तसाच ठेव. डब्यात व्हर्मिक्युलाइट आणि तेवढ्याच वजनाचं पाणी मिसळून त्यात अंडी अर्धी रुतव. झाकणाला एखाद-दोन बारीक भोकं. तापमान 27-28, ते घटण्यापेक्षा वाढणं जास्त घातक. झाकणाचं पाणी अंड्यांवर ठिबकू देऊ नकोस. साधारण 60 दिवस लागतात. शेवटी शेवटी अंडी पिचकतात, त्याला घाबरू नकोस. पिल्लू अंड्याला चीर पाडून डोकं बाहेर काढतं आणि दिवस-दोन दिवस तसंच बसून राहतं. आतला बलक शोषून घेत असतं. ओढून काढायचं नाही. पहिली कात पडेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, त्याला खाणंही लागत नाही.

आईपासून अंडी काढून घेणं दुष्टपणाचं नाही का, हा तुझा प्रश्न मला आवडला. अजगराच्या बाबतीत मी हो म्हटलं असतं. सह्याद्रीतली अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन महिने खुडूक बसते, आणि थंडी वाढली की अंग थरथरवून ऊब निर्माण करते. 1841 मध्ये पॅरिसच्या जार्डिन दे प्लांतमध्ये व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने अशा बसलेल्या अजगराच्या वेटोळ्यांत तापमापक ठेवून ती ऊब मोजली. नागाची मादीसुद्धा अंड्यांजवळ राहते. घोणस तर अंडी घालतच नाही, जिवंत पिल्लांनाच जन्म देते. केशरच्या जातीची रीत वेगळी. ती योग्य जागा शोधते, त्यात सगळी ताकद ओतते आणि निघून जाते. तिची माया त्या जागेच्या शोधात असते. म्हणून सध्या तिला चांगला डबा देणं हेच तिच्या आईपणाला मदत करणं आहे. ती अंड्यांवर वेटोळं घालून बसलेली आढळली तर डोक्याकडून नको, अंगाच्या मधून हळूच एकेक वेढा सोडव.

आणि मग सगळ्यांचं लक्ष अंड्यांकडे जाईल, तेव्हा तू केशरकडे लक्ष दे. ती पार वाळलेली दिसेल, कातडी सैल पडलेली, पाठीचा कणा वर आलेला. शेवाळ काढून टाक, पेटी पूर्ण धुऊन घे, नाहीतर अंड्यांच्या वासाने ती तिथेच घुटमळत राहते आणि खात नाही. दोन दिवस विसावा, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर, थोडे थोडे, जवळजवळच्या अंतराने. मोठ्ठा उंदीर देऊन भरपाई करायला जाऊ नकोस, ती उलटून टाकेल. वजन पहिल्यासारखं व्हायला काही आठवडे जातील. कधी कधी त्याच मोसमात मादी दुसऱ्यांदा अंड्यांवर येते, तेव्हा ऑगस्टपर्यंत वही चालू ठेव. पेटीतलं काहीही हाताळलं की साबणाने हात धू आणि डबे स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नकोस. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो आणि आजी तुमच्याकडेच आहे.

इथे महाराष्ट्रात आपल्याला देशी साप पाळता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ते मला योग्यच वाटतं. पण इतकी वर्षं माझ्याकडे साप आले ते फावड्याने तुटलेले, जाळ्यात अडकलेले, गाडीखाली आलेले. धडधाकट साप रोज कसा जगतो, कुठल्या दिवशी काय खातो, कात केव्हा टाकतो याची सलग नोंद मला कधी ठेवता आली नाही. तुझी वही मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचते आहे.

आज एवढं कर : शेवाळ आणि डबा, डॉक्टरांची वेळ, आणि रात्री उबदार टोक का उतरतं त्याचा शोध. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर पेटीच्या काचेवर चिकटवून ठेव. कात पडली की तारीख लगेच कळव आणि तिचा फोटो पाठव, डोळ्यांवरच्या चकत्या आणि शेपटीचं टोक सुटलंय का ते दिसेल असा. सोनोग्राफीत काय दिसलं तेही लिही.

तुझी,
आत्या